बेल वाजण्याआधी

कुत्रा पाळलेल्या घरात पाहुणा आल्याची वर्दी बेल देत नाही. लिफ्टचं दार सरकल्याचा आवाज, जिन्यावरची अनोळखी पावलं, दाराखालच्या फटीतून आत आलेला परका वास यांवरून कुत्र्याला ती आधीच मिळालेली असते. माणसाच्या कानाला साधारण २०,००० हर्ट्‌झपर्यंतचे आवाज कळतात. कुत्र्याचे कान ४०,००० च्याही पुढचं ऐकतात. वासाच्या बाबतीत तर आपली त्याच्याशी बरोबरीच नाही. त्यामुळे बेल वाजते तेव्हा आपण नुकते मान वर करत असतो आणि कुत्रा केव्हाच उठून उभा राहिलेला असतो.

पुढच्या अर्ध्या मिनिटात घरात काय घडतं, ते एकदा मोबाइल शोकेसमध्ये उभा करून चित्रित करा आणि मग निवांत बसून पाहा. कुत्रा भुंकत दाराकडे धावतो. स्वयंपाकघरातून कुणीतरी ओरडतं, “ए, गप!” मुलं सोफ्यावरून उतरून त्याच्यामागे पळतात. कुणी त्याचा गळपट्टा धरून मागे खेचतं, तसा तो मागच्या दोन पायांवर उभा राहून आणखी जोरात भुंकतो. सेफ्टी डोअरच्या जाळीपलीकडून पाहुणा विचारतो, “चावत नाही ना?” आणि आतून ठरलेलं उत्तर जातं, “नाही नाही, काही करत नाही तो.” या सगळ्या धांदलीत एकही माणूस कुत्र्याला हे सांगत नाही, की आता तू नेमकं काय करायचं आहेस. “ए, गप”मध्ये ते नाही. “नो, नो, नो”मध्येही नाही. घरातली सगळी माणसं पळताहेत, सगळ्यांचे आवाज चढलेत. कुत्र्याला यातून एवढंच समजतं की दारात खरोखरच काहीतरी मोठं घडतंय आणि आपण भुंकायला लागलो ते बरोबरच केलं.

हे प्रकरण त्या अर्ध्या मिनिटाबद्दल आहे, पण त्यातलं बहुतेक काम त्या अर्ध्या मिनिटात करायचं नाही. दारात माणूस उभा, कुत्रा भुंकून बेभान झालेला, आणि त्याच वेळी त्याला शिकवायला जाणं म्हणजे गाडी शिकणाऱ्याला पहिल्याच दिवशी भर पावसात घाटात नेण्यासारखं आहे. पाहुण्यांसमोर शांत राहायला कुत्रा शिकतो ते पाहुणे नसताना.

आपण शिकवत नसलो तरी कुत्र्याचं शिकणं चालूच असतं. शहरातल्या घराचं दार दिवसभरात किती वेळा वाजतं ते आठवून पाहा: दूध, कचरा, घरकामाच्या ताई, कुरिअर, इस्त्रीचे कपडे, किराणा, रात्रीचं पार्सल. यातला कुरिअरवाला घ्या. तो येतो, कुत्रा भुंकतो, तो पाकीट देऊन निघून जातो. आपल्याला ठाऊक असतं की तो जाणारच होता. कुत्र्याच्या बाजूनं पाहिलं तर रोज एकच गोष्ट सिद्ध होते: मी भुंकलो, म्हणून तो गेला. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १८९८ मध्ये मांजरांना कोड्याच्या पेट्यांमध्ये ठेवून जे प्रयोग केले, त्यांतून पुढे आलेला नियम हाच आहे. ज्या कृतीचा शेवट प्राण्याला हवा तसा होतो, ती कृती पक्की होत जाते. वर्षभर रोज असा सराव झालेल्या कुत्र्याला रविवारी आलेल्या मावशींसमोर गप्प बसायला सांगणं त्याच्यावर अन्याय करणारं आहे.

बेलचं गणित जरा निराळं आहे. इव्हान पावलॉव्ह यांना १९०४ मध्ये नोबेल मिळालं ते पचनक्रियेवरच्या संशोधनासाठी. पण त्यांचं नाव घरोघरी पोचलं ते लाळ गाळणाऱ्या कुत्र्यांमुळे. अन्नाच्या आधी दर वेळी मेट्रोनोमची टिकटिक ऐकवली, की काही दिवसांनी नुसत्या टिकटिकीनंही कुत्र्याला लाळ सुटते. हे कुत्रा ठरवून करत नाही. शरीरच आधी उत्तर देतं. आपल्या दाराच्या बेलनंही हेच केलेलं असतं. तिच्यामागून दर वेळी धावपळ, आरडाओरडा आणि परका माणूस येत राहिल्यानं बेल कानावर पडताच कुत्र्याचं हृदय धडधडायला लागतं. म्हणून आपल्याला दोन गोष्टी बदलायच्या आहेत: बेल ऐकल्यावर कुत्र्याला काय वाटतं ती, आणि बेल ऐकल्यावर कुत्रा काय करतो ती. नुसती दुसरी बदलायला गेलं तर वरून गप्प दिसणारा, आतून उकळणारा कुत्रा तयार होतो.

त्याआधी आपला कुत्रा कोणत्या कारणानं दाराशी गोंधळ घालतो, हे ओळखायला हवं. ढोबळमानानं दोन कारणं असतात, आणि बाहेरून ती फसगत व्हावी इतकी सारखी दिसतात.

काही कुत्रे आनंदानं वेडे होतात. पाहुण्याच्या अंगावर उड्या मारतात, तोंडापर्यंत पोचायला बघतात. या उडीचं मूळ फार जुनं आहे. लांडग्याची पिल्लं शिकारीहून परतलेल्या मोठ्यांच्या तोंडाचे कोपरे चाटतात, म्हणजे ते पोटातलं अन्न त्यांच्यासाठी ओकून काढतात. कुत्र्याच्या पिल्लांमध्ये हे स्वागत शिल्लक राहिलंय. आपलं तोंड पाच-साडेपाच फुटांवर असतं, म्हणून त्याला उडी मारावी लागते. पिल्लू असताना ती उडी सगळ्यांना गोड वाटते, सगळे वाकून त्याला कुरवाळतात. दीड वर्षानं तेच पिल्लू तीस किलोचा लॅब्रेडोर झालेलं असतं आणि आजींच्या गुडघ्यांचा प्रश्न उभा राहतो. कुत्र्यानं यात काहीही बदललेलं नसतं. नियम आपण बदललेला असतो.

काही कुत्रे मात्र घाबरून भुंकतात. त्यांना पाहुणा जवळ यायला नको असतो. असा कुत्रा पुढे धावतो, पण त्याचं वजन मागच्या पायांवर असतं. भुंकून दोन पावलं मागे सरतो, पुन्हा पुढे येतो. ओठ चाटतो, झोप आलेली नसताना जांभई देतो, मान वळवतो पण डोळ्यांच्या कडेनं पाहत राहतो, तेव्हा डोळ्यातला पांढरा भाग दिसतो. अंग ताठ होतं. शेपटी हलत असते म्हणून तो खूश आहे, ही समजूत सोडून द्या. इटलीतल्या संशोधकांनी २००७ मध्ये दाखवून दिलं, की मालक दिसल्यावर कुत्र्याची शेपटी त्याच्या उजवीकडे जास्त झुकत हलते आणि दांडगा अनोळखी कुत्रा समोर आला की डावीकडे. हा फरक घाईगर्दीत आपल्या डोळ्यांना टिपता येत नाही. पण शेपटी भीतीतही हलते, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

आवाजही ऐकायला शिकता येतो. बुडापेस्टच्या ओट्वोश लोरांड विद्यापीठातल्या पीटर पोंग्रात्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मूडी जातीच्या कुत्र्यांचं भुंकणं वेगवेगळ्या प्रसंगी ध्वनिमुद्रित करून लोकांना ऐकवलं. परका माणूस दारात आल्यावरचं, एकटं बांधून ठेवल्यावरचं, चेंडू मागतानाचं. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात लोकांनी प्रसंग बऱ्यापैकी ओळखले, आणि ज्यांनी कधी कुत्रा पाळला नव्हता त्यांनाही ते जमलं. तुम्ही तर त्याच्याबरोबर राहता. चित्रण पुन्हा लावा आणि या वेळी डोळे मिटून ऐका.

जातीचा स्वभावही यात येतो. मराठवाड्यातल्या आणि दख्खनच्या पठारावरच्या कारवानी, पश्मी, मुधोळ कुत्र्यांना परक्या हाताचा स्पर्श सहसा आवडत नाही. पिढ्यान्‌पिढ्या शिकार आणि राखण करत आलेला हा कुत्रा पाहुण्याच्या मांडीवर डोकं ठेवत नाही म्हणून त्याला माणूसघाणा ठरवू नये. तो दूर बसून शांतपणे पाहत असेल तर तेवढं पुरेसं आहे. आपल्या रस्त्यावरच्या देशी कुत्र्यांबद्दल कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्र आणि त्यांच्या गटानं केलेलं काम मला फार मोलाचं वाटतं. २०१७ च्या एका अभ्यासात असं दिसलं, की अनोळखी माणूस पुन्हा पुन्हा भेटत राहिला तर हे कुत्रे खाऊपेक्षा त्याच्या प्रेमळ स्पर्शानं त्याच्यावर जास्त विश्वास टाकतात. ‘देशी कुत्रं शिकत नाही’ असं म्हणणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. रस्त्यावर वाढलेल्या कुत्र्याला माणसं वाचण्याची जी सवय असते, ती बंगल्यात जन्मलेल्या अनेक जातिवंतांना नसते.

आता एका हट्टी गैरसमजाबद्दल. कुत्रा पाहुण्यांवर उड्या मारतो कारण तो स्वतःला घराचा मालक समजतो, म्हणून त्याला त्याची जागा दाखवून द्या, असा सल्ला अजून सर्रास मिळतो. छातीत गुडघा मारा, मागचा पंजा दाबा, पाठीवर पाडून धरून ठेवा, गळ्यात काटेरी साखळी घाला. या कल्पनेचा उगम १९४७ मधल्या रुडॉल्फ शेंकेल यांच्या निबंधात सापडतो. बाझेलच्या प्राणिसंग्रहालयात एकत्र कोंडलेल्या लांडग्यांची भांडणं पाहून त्यांनी तो लिहिला होता. पुढे डेव्हिड मेक या अमेरिकी संशोधकाच्या १९७० च्या पुस्तकानं ती कल्पना सर्वदूर नेली. त्याच मेक यांनी नंतर कॅनडाच्या उत्तरेकडच्या एल्समिअर बेटावर मोकळे लांडगे अनेक उन्हाळे जवळून पाहिले आणि १९९९ मध्ये स्पष्ट लिहिलं, की रानातला लांडग्यांचा कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पिल्लं, एक कुटुंब. तिथं गादीसाठी रोजची मारामारी नसते. कुत्रा तर लांडगाही नाही. २००९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या मेगन हेरन आणि सहकाऱ्यांनी वर्तनाच्या तक्रारी घेऊन आलेल्या कुत्रामालकांना विचारलं, की तुम्ही काय काय करून पाहिलंत आणि कुत्र्यानं काय उत्तर दिलं. ज्यांनी मारलं किंवा लाथ घातली, त्यांच्यातल्या ४३ टक्के लोकांवर कुत्रा उलटला होता. पाठीवर पाडून धरणाऱ्यांमध्ये हे प्रमाण ३१ टक्के होतं. दारातल्या कुत्र्याला पाहुण्याच्या देखत मारलं, तर त्याला कळतं ते एवढंच की पाहुणा आला की मार बसतो. घाबरणाऱ्या कुत्र्याची भीती त्यामुळे खरी ठरते. मारू नका. हे मी विनंती म्हणून लिहीत नाही. ज्यांना घरात सुरक्षित कुत्रा हवा आहे, त्यांनी हे पाळलंच पाहिजे.

मग करायचं काय? कुत्र्याला ‘हे करू नकोस’ शिकवता येत नाही, ‘हे कर’ शिकवता येतं. एकाच वेळी सतरंजीवर पडून राहणं आणि पाहुण्याच्या छातीवर पंजे ठेवणं, या दोन गोष्टी होऊ शकत नाहीत. म्हणून आपण पहिली शिकवायची. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यक सोफिया यिन यांनी नेमक्या याच प्रश्नावर सहकाऱ्यांबरोबर केलेला अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. दार वाजल्यावर भुंकणाऱ्या, उड्या मारणाऱ्या कुत्र्यांना त्यांनी दारापासून दूर अंथरलेल्या एका छोट्या गालिच्यावर जाऊन पडून राहायला शिकवलं. रिमोटचं बटण दाबलं की आवाज करून खाऊ टाकणारं एक यंत्र त्या गालिच्याजवळ ठेवलेलं होतं. कुणी रागावलं नाही, कुणी ओढलं नाही. आधी प्रयोगशाळेत आणि मग लोकांच्या घरी, सामान्य मालकांच्या हातून हे करून घेतलं, आणि दारातला गोंधळ खरोखर कमी झाला. आपल्याला यंत्राची गरज नाही. त्यातलं तत्त्व उचलायचं: खाऊ पाहुण्याकडून किंवा दाराकडून येत नाही, तो सतरंजीवर येतो.

जागा निवडताना घाई करू नका. तिथून दार दिसायला हवं, पण ती दाराच्या वाटेवर नको. हॉलचा कोपरा, सोफ्याची बाजू, जेवणाच्या टेबलाजवळची भिंत. एक सतरंजी किंवा जाडसर पायपुसणं त्यासाठीच ठेवा आणि सराव संपला की उचलून ठेवा. ती अंथरली म्हणजे काहीतरी चांगलं होणार, हे त्याला कळू द्या. सुरुवातीला काही बोलू नका. सतरंजी अंथरा, कुत्रा नुसता हुंगायला आला तरी तिच्यावर खाऊचा तुकडा ठेवा. उभा राहिला, तुकडा. बसला, दोन तुकडे. पडला, एकापाठोपाठ एक चार-पाच, पुढच्या पंज्यांच्या मध्ये. हात वर धरून खाऊ दिला तर कुत्रा उठतो. जमिनीवर ठेवला तर पडून राहतो. या बारीकशा गोष्टीवर पुष्कळ काही ठरतं. तो आपणहून सतरंजीकडे यायला लागला की मगच शब्द जोडा: ‘जागेवर’. आईनं ‘जागेवर’, बाबांनी ‘प्लेस’ आणि मुलांनी ‘जा तिकडे’ म्हटलं तर ते तीन वेगळे आवाज होतात, त्यामुळे घरात एक शब्द ठरवून फ्रिजवर लिहून लावा.

तुकडा करंगळीच्या नखाएवढा पुरतो. उकडलेलं चिकन, पनीर, उकडलेलं रताळं, गाजर. दिवसाच्या जेवणातून तेवढं वजा करा, नाहीतर कुत्रा शांत होईल पण जाडही होईल. सरावाची वेळ जेवणाआधीची बरी, आणि एका वेळी पाच मिनिटांहून जास्त नको. कंटाळलेला कुत्रा काही शिकत नाही, आणि कंटाळलेला माणूस चिडतो.

सतरंजीवर पडणं पक्कं झालं की वेळ वाढवायचा, मग आपली हालचाल वाढवायची. एक पाऊल मागे जाऊन परत या, तुकडा द्या. पाठ वळवून परत या. दाराकडे दोन पावलं जाऊन परत या. कडीला हात लावून परत या. लॅच उघडून बंद करा. प्रत्येक वेळी परत येऊन सतरंजीवरच खाऊ द्यायचा, त्याला आपल्याकडे बोलवायचं नाही. मध्येच उठला तर रागावू नका. याचा अर्थ आपण एक पायरी उडी मारून गेलो. मागच्या पायरीवर या. शिकवणाऱ्यांपैकी बहुतेकांचा धीर इथेच सुटतो, कारण हे काम दिसायला कंटाळवाणं आहे आणि प्रगती बोटभर वाटते. माझं मत विचाराल तर सगळ्या शिक्षणाचा गाभा हाच टप्पा आहे. इथे दोन आठवडे जास्त गेले तरी पुढचे दोन महिने वाचतात.

बेलचं काम याच्या समांतर, पण वेगळं करायचं. आपल्या बेलचा आवाज मोबाइलवर मुद्रित करून घ्या. कुत्रा निवांत असताना अगदी हळू आवाजात लावा, इतका हळू की तो फक्त कान हलवेल. लगेच सतरंजीवर खाऊ. बेल आधी, खाऊ नंतर. हा क्रम उलटा झाला तर काहीच साधत नाही. दिवसात चार-सहा वेळा, वेगवेगळ्या वेळी. तो बेल ऐकून दाराऐवजी तुमच्याकडे बघायला लागला, की पावलॉव्हचं काम झालं. मग आवाज थोडा थोडा वाढवायचा आणि शेवटी घरातल्याच कुणीतरी बाहेर जाऊन खरी बेल दाबायची. घरचंच माणूस आत आलेलं पाहून कुत्रा सुरुवातीला गोंधळतो; तो गोंधळ आपल्या फायद्याचा आहे. बेलमागून दर वेळी परका येतोच असं नाही, हे त्याला पहिल्यांदा कळतं.

आपल्याकडच्या फ्लॅटचं दुहेरी दार ही या शिक्षणातली मोठी सोय आहे. आतलं लाकडी दार उघडायचं, सेफ्टी डोअर बंद ठेवायचं, आणि पाहुण्यानं जाळीपलीकडे मिनिटभर नुसतं उभं राहायचं. कुत्र्याला माणूस दिसतो, वास येतो, पण तिथवर पोचता येत नाही, आणि पाहुणाही निर्धास्त असतो. कुत्रा सतरंजीवर टिकला तर जाळी उघडते. उठून दाराकडे धावला तर लाकडी दार शांतपणे, न आपटता, लोटून घ्यायचं आणि त्याला पुन्हा जागेवर न्यायचं. दार उघडणं हेच त्याचं बक्षीस होऊन जातं. सुरुवातीच्या खऱ्या पाहुण्यांच्या वेळी अंगावर हार्नेस आणि त्याला हलका पट्टा असू द्या. पट्टा ओढायला नाही, फक्त सतरंजीपासून फार लांब जाता येऊ नये म्हणून.

पाहुणा आत आल्यावर जे होतं, त्यावर आधीचं सगळं टिकतं किंवा वाहून जातं. उडी मारली की कुणीच बघायचं नाही, बोलायचं नाही, हात लावायचा नाही. चारही पाय जमिनीवर आले की लगेच लक्ष द्यायचं. ‘हट’ म्हणून ढकलणं अनेक कुत्र्यांना खेळ वाटतो. दुर्लक्ष सुरू केल्यावर पहिले काही दिवस उड्या वाढतात. आजवर चालत आलेली युक्ती चालेना, म्हणून कुत्रा ती आणखी जोर लावून करून बघतो. नेमक्या याच वेळी घरातलं कुणीतरी विरघळतं. बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांतून हे फार पूर्वी सिद्ध झालं आहे, की दर वेळी मिळणाऱ्या बक्षिसापेक्षा कधीतरी मिळणाऱ्या बक्षिसानं सवय जास्त चिवट होते. दहातल्या नऊ पाहुण्यांनी दुर्लक्ष केलं आणि दहाव्या काकांनी “असू दे, मला आवडतात कुत्रे” म्हणत त्याला छातीशी धरलं, तर कुत्र्याच्या लेखी उडी अजून चालू आहे.

म्हणून पाहुण्यांनाही तयार करावं लागतं, आणि आपल्या समाजात हे अवघड आहे. घरी आलेल्या वडीलधाऱ्यांना ‘हे करू नका’ असं सांगायला जीभ रेटत नाही. त्यावर माझा उपाय असा की ‘नका’ म्हणूच नये, काम सोपवावं. येण्याआधीच फोन करून सांगावं, “काका, त्याचा अभ्यास चाललाय, तुमची मदत लागणार आहे. आल्यावर आधी बसा, पाणी घ्या, त्याच्याकडे बघू नका. तो बसला की मग तुम्हीच त्याला हाक मारा.” आपल्या हाकेवर कुत्रा शांतपणे जवळ आला, हा मान काकांना अंगावरच्या उडीपेक्षा जास्त आवडतो. मुलांना वेगळं सांगावं लागतं: धावायचं नाही, किंचाळायचं नाही, कुत्रा खात किंवा झोपलेला असताना जवळ जायचं नाही, त्याला मिठी मारायची नाही. आणि सांगून झालं तरी लहान मूल आणि कुत्रा यांना एका खोलीत मोठ्या माणसाशिवाय कधीही ठेवायचं नाही. ‘आमचा तसला नाही’ या भरवशावर हा नियम मोडू नये.

घाबरणाऱ्या कुत्र्याच्या बाबतीत एक चूक फार चांगल्या मनानं केली जाते. पाहुण्याच्या हातात बिस्कीट देऊन “त्याला द्या, म्हणजे ओळख होईल” असं म्हणतात. कुत्रा खाऊच्या ओढीनं मान लांब करून जवळ जातो, खाऊ संपतो, आणि मग त्याच्या लक्षात येतं की आपण परक्या माणसाच्या अगदी पुढ्यात उभे आहोत. अनेक चावे याच क्षणी होतात. त्याऐवजी पाहुण्यानं तिरकं बसून, त्याच्याकडे न पाहता, तुकडा कुत्र्याच्या पलीकडे टाकावा. खाऊ घ्यायला कुत्र्याला लांब जावं लागतं, अंतर वाढतं, जीव हलका होतो, आणि तो स्वतः ठरवून पुन्हा थोडा जवळ येतो. येणं-जाणं त्याच्या हातात राहिलं की धीर चढतो. काही कुत्र्यांसाठी मात्र पाहुणे असताना आतल्या खोलीत निवांत राहणं हाच योग्य शेवट असतो, आणि त्यात कमीपणा काही नाही.

गुरगुरण्याबद्दल स्पष्ट लिहितो. गुरगुरणं ही सूचना आहे, उद्धटपणा नव्हे. गुरगुरल्याबद्दल मार खाल्लेला कुत्रा गुरगुरणं सोडतो, भीती सोडत नाही. पुढच्या वेळी तो सूचना न देता चावतो. गुरगुरला की पाहुण्याला थांबवा, कुत्र्याला दूर न्या, आणि पायऱ्या कुठे चुकल्या ते नंतर बघा. आजवर शांत असलेला कुत्रा अचानक पाहुण्यांवर चिडायला लागला, विशेषतः वय झालेला, तर प्रशिक्षकाआधी पशुवैद्यांकडे जा. सांध्याचं, दाताचं किंवा कानाचं दुखणं, कमी दिसायला-ऐकायला लागणं ही कारणं घरच्यांच्या सहसा लक्षात येत नाहीत. कुत्र्याचं रेबीजचं लसीकरण वेळेवर हवंच. तरीही कुणाला दात लागलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. हळद, चुना, मिरची काहीही लावू नये.

ज्यांच्या घरी नुकतंच पिल्लू आलं आहे, त्यांचं काम सर्वांत सोपं. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अमेरिकेतल्या बार हार्बर इथे वर्षानुवर्षं केलेल्या अभ्यासावरचं त्यांचं पुस्तक १९६५ मध्ये आलं. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लाला जे भेटतं ते त्याला जन्मभर ओळखीचं वाटतं, हे त्यातून ठळकपणे पुढे आलं. आपल्याकडे पिल्लू बहुधा ४५ दिवसांचं घरी येतं आणि लसी पुऱ्या होईपर्यंत घरात बंद राहतं. नेमका तोच काळ निसटतो. त्याला बाहेर रस्त्यावर सोडता येत नाही, पण माणसं घरी बोलावता येतात. हेल्मेट घातलेला भाचा, काठी टेकणारे आजोबा, घुंगटातली शेजारीण, रेनकोटमधला मित्र. प्रत्येकानं खाली बसून, चार पाय जमिनीवर असतानाच, पिल्लाला एकेक दाणा द्यायचा. उडीचं कौतुक पहिल्या दिवसापासून नको.

आणि गणपती, हळदीकुंकू, दिवाळीचा फराळ. अशा दिवशी शिकवू नका. दहा मिनिटांना एक बेल, आरतीच्या झांजा, दारात चपलांचा ढीग, हे कुठल्याही शिकाऊ कुत्र्याच्या आवाक्याबाहेर असतं. पहाटे त्याला लांब फिरवून आणा, सावकाश हुंगू द्या. मग दारापासून सर्वांत लांबच्या खोलीत पाणी, अंथरूण, चघळायला काहीतरी आणि पंख्याचा किंवा रेडिओचा सारखा आवाज. दाराला बाहेरून चिठ्ठी, म्हणजे कपडे बदलायला म्हणून कुणी ते उघडणार नाही. तासा-दोन तासांनी घरच्या एकानं आत जाऊन त्याच्याजवळ बसावं. पाहुण्यांना सांगून ठेवा की प्रसाद आणि फराळ त्याला द्यायचा नाही: लाडवातले बेदाणे आणि मनुका कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक असतात, चॉकलेट आणि कांदा-लसूण घातलेलं तिखटमिठाचं खाणंही त्याला विषारी. एवढ्या गडबडीनंतर शरीरातला ताण उतरायला बराच वेळ लागतो, कधी दुसरा दिवसही जातो. म्हणून पाहुणे गेल्यावर लगेच सराव नको. दुसऱ्या दिवशी नुसतं फिरणं आणि झोप, आणि तिसऱ्या दिवशी सतरंजी अंथराल तेव्हा जिथं सोडलं होतं त्याच्या एक पायरी अलीकडून, हळू आवाजातल्या बेलपासून, पुन्हा सुरुवात करा.